न सांगायची मुळी

आमची अव्वा दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीवरून पळाली, तेव्हा गळ्यात बांधलेला निळा कागदी रुमालही तिनं सोडला नव्हता. राजारामपुरीच्या भर रस्त्यातून माझी म्हातारी आई अनवाणी, ताठ मानेनं रिक्षा स्टॉपकडे निघालेली आणि मागून तिच्या चपला हातात घेऊन मी. रिक्षावाल्यानं विचारलं, "आज्जी, कुठं सोडू?" तर म्हणाली, "गडहिंग्लजला." मी इतकी चिडले होते की चपला तिथंच रस्त्यावर आपटल्या.

आमचं गाव गडहिंग्लजच्या पलीकडं, पार सीमेला लागून. म्हणून आमच्यात आईला अव्वा आणि तिच्या धाकट्या बहिणीला चिक्कव्वा म्हणतात, आणि जुन्या बायका 'येते, जाते'च्या जागी 'येतो, जातो' बोलतात. वडील गेल्यापासून अव्वा माझ्याकडं कोल्हापुरात असते. ती कशाला भीत नाही. परड्यात निघालेला साप तिनं खुरप्यानं मारलेला मी डोळ्यांनी पाहिलाय. भिते ती फक्त एका गोष्टीला, तोंडात कुणी काही घालण्याला. लहानपणी बाजारात बसणाऱ्या एका माणसानं तिची दाढ पकडीनं ओढली होती. निम्मी आली, निम्मी आत राहिली. तिच्या वडिलांनी तिचे हात धरून ठेवले होते. एवढंच ती सांगते आणि पुढं काही विचारलं की उठून जाते.

आता तिच्या खालच्या जबड्यात अडकलेल्या एका दाढेभोवती पाण्याची गाठ झाली होती. डॉक्टरांनी मोठा एक्सरे दिव्यासमोर धरून दाखवला. हाडाच्या जागी काळा गोळा आणि त्याच्या कडेला पापडाएवढी पातळ पांढरी रेघ. "एवढंच हाड उरलंय," ते म्हणाले. "कडक भाकरीचा तुकडा चावताना जबडा मोडू शकतो. लवकर काढायला पाहिजे." त्या दिवसापासून मी ताटावर बसले की माझे डोळे अव्वाच्या तोंडावर. ती घास चावायची आणि माझा घास हातातच राहायचा. भाकरी दुधात कुस्करून दिली की म्हणायची, "मी काय तान्हं लेकरू हाय व्हय?" आणि मुद्दाम कडेचा करकरीत पापुद्रा उचलायची. असला राग यायचा मला.

पळून आल्यावर दोन दिवस समजूत घातली. शेवटी तिनं कौल दिला. "एकदा येतो. एकदाच. त्येच्यात झालं तर झालं. परत मी तोंड उघडणार न्हाय, सांगून ठेवतो."

आणि ती एकदा म्हणाली की एकदाच. हे मला तिच्या पोटी जन्माला आल्यापासून माहीत होतं.

डॉक्टरांनी मग वेगळा बेत केला. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंना बोलवायचं, शिरेतून थोडं गुंगीचं औषध द्यायचं आणि मग दाढेला हात घालायचा. मला बजावून सांगितलं, "आज्जी जे काही घेतात ते सगळं मला कळलं पाहिजे. गोळ्याच नाही, झाडपालासुद्धा. गुंगीवर गुंगी नको."

झाडपाल्याची आमच्या घरात काही कमी नव्हती. अव्वा घाबरते म्हटल्यावर सगळं गणगोत वैद्य झालेलं. वहिनीनं ब्राह्मीचं तेल पाठवलं. शेजारच्या काकू सहाणेवर जायफळ उगाळून दुधातून द्यायच्या. कुणी जटामांसी पाण्यात भिजत घालायला सांगितली, कुणी खसखशीची खीर. हे सगळं मी डॉक्टरांना सांगितलं. ते हसले नाहीत, उलट नीट ऐकून घेतलं. म्हणाले, "तेल चोळा खुशाल. जटामांसी आणि जायफळ बंद करा. जायफळ जास्त झालं तर त्याचीही वेगळीच झिंग असते." मी घरी येऊन बंद केलं. अव्वानं एवढं गुमान ऐकलं तेव्हाच मला वास यायला पाहिजे होता.

त्याच आठवड्यात चिक्कव्वा येऊन गेली होती. ती मलकापूरकडं दिलेली, घाटाच्या रानाजवळ. कोल्हापुरात लग्न आहे म्हणाली, पण लग्नाला काही गेली नाही. एक रात्र राहिली, सकाळच्या एसटीनं परत. जाताना दोघी बहिणी गॅलरीत उभ्या राहून कानडीत कुजबुजत होत्या. त्यानंतर अव्वा रोज उजाडता उजाडता गॅलरीत सूर्याकडं तोंड करून उभी राहायला लागली. मला वाटलं, देवाला हात जोडतेय. चांगलंच आहे की.

आणि अव्वा निवत गेली. रात्री झोपायला लागली. डॉक्टरांचं नाव काढलं तरी कपाळाला आठी नाही. मी पतसंस्थेत कामाला आहे, तिथं माझ्या शेजारच्या टेबलावर मी फुशारकी मारली, "माझ्या आईला मी समजावलंय. आता बघा."

ठरलेल्या सकाळी ती स्वतःच्या पायानं खुर्चीवर जाऊन बसली. गळ्यात रुमाल बांधताना मान पुढं केली. डॉक्टर माझ्याकडं बघून म्हणाले, "आज्जी एकदम तयारीत!" माझा जीव भांड्यात पडला. डॉक्टरीणबाईंनी हाताच्या पाठीवर सुई बसवून नळी चिकटवली, तरी अव्वा हूं की चूं नाही. मग त्यांनी दंडाला पट्टा गुंडाळून बीपी घेतलं. मशीनकडं बघितलं. पट्टा सोडून दुसऱ्या दंडाला बांधला. परत बघितलं.

"ह्यांचं बीपी नेहमी जास्त असतं ना?" त्यांनी मला विचारलं.

"हो. मागच्या वेळी तर फारच होतं."

"आज फारच कमी आहे." त्या अव्वाकडं वाकल्या. "आज्जी, सर्दी झालीय का? तोंडानं श्वास घेताय."

"न्हाय."

"काही घेतलंय का? बीपीच्या गोळीशिवाय?"

"न्हाय."

अव्वाचं ते "न्हाय" मला ओळखीचं नव्हतं. आमची अव्वा न्हाय म्हणाली की शेजारच्या बिल्डिंगीत ऐकू जातं. हे न्हाय जड जिभेचं होतं, ओलं, शेवटचं अक्षर गिळलेलं. पदर सावरायला ती जराशी पुढं झाली आणि तिचा तोल गेला, तिनं खुर्चीचा हात पकडला. माझ्याकडं बघून हसली. ह्या खुर्चीला एवढी भिणारी बाई भ्यायलेली नव्हती, हेच मुळात चुकत होतं.

डॉक्टरीणबाईंनी सिरिंज उचलली होती. अजून नळीला लावली नव्हती, हातात होती.

तेवढ्या वेळात माझ्या डोक्यात काय काय आलं ते आजही तसंच्या तसं आठवतं. आत्ता थांबवलं तर अव्वा परत येणार नाही. तिचं ते 'एकदाच' संपलं. मग आज ना उद्या भाकरी खाताना जबडा मोडेल आणि त्याला मी जबाबदार. नाही थांबवलं आणि हिच्या पोटात काही असलं तर ही इथंच, माझ्या डोळ्यांसमोर, झोपेतच जाईल. त्यालाही मीच. कुणी तिसरा मार्ग दाखवत असता तर त्याचे पाय धरले असते.

"थांबा," मी म्हणाले. माझाच आवाज मला परका वाटला. "ती काहीतरी लपवतेय."

अव्वाचं हसू गेलं. "काय लपीवतोय? गप बस की. करू दे त्यास्नी त्यांचं काम."

"अव्वा, काय खाल्लंस?"

"काय न्हाय म्हटलं की!"

मी बाहेर जाऊन चिक्कव्वाला फोन लावला. तिनं पहिल्याच रिंगला उचलला, जणू हातात धरूनच बसली होती.

"आक्का बसली का खुर्चीवर?"

"बसली. चिक्कव्वा, तू तिला काय दिलंयस?"

"बसली न्हवं? मग झालं की! तू कशाला बोंबलालीस?"

"चिक्कव्वा, तिला इंजेक्शन द्यायचंय. तिचं बीपी खाली गेलंय. काय दिलंस ते सांग."

"सांगायचं नसतंय ते. म्हाताऱ्यानं आण घातलीया. काम हुईस्तोवर मुळीचं नाव घ्यायचं न्हाय, सांगितलं की गुण जातो. डाक्टरला भूल द्याय बिगीबिगी सांग, उन्हं चढली की मुळी उतरती."

आणि तिनं फोन ठेवला. परत लावला तर बंद.

म्हणजे मुळी होती. घाटाच्या रानातला कुणी म्हातारा भ्यावर मुळी देतो, पैसे घेत नाही, नारळ घेतो आणि आण घालतो. सूर्याकडं तोंड करून घ्यायची, कुणाला सांगायचं नाही. लहानपणापासून मी असल्या मुळ्यांबद्दल ऐकत आलेय. काविळीची मुळी, विंचवाची मुळी. सगळीकडं हाच नियम, नाव सांगितलं की गुण गेला. आणि माझ्या आईच्या पोटात असलेलं सगळं धाडस त्या नियमावर उभं होतं.

मी आत गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मुळी कसली, ते कळल्याशिवाय मी हात लावणार नाही. काही मुळ्यांनी बीपी पडतं, काहींनी श्वास मंदावतो. त्यात हे औषध गेलं तर मला सावरता येईलच असं नाही." हे त्यांनी अव्वाला ऐकू जाईल अशा बेतानं सांगितलं. अव्वानं ओठ घट्ट मिटले. ज्या तोंडात कुणी काही घालू नये म्हणून ती पळाली होती, ते तोंड आता काही बाहेर येऊ नये म्हणून बंद.

मी ओरडले. दवाखान्यात, चार लोकांसमोर, माझ्या आईवर. "तुला कळतंय का काही? तू उठलीच नाहीस तर?"

"मग न्हाय उठलो." ती शांतपणे म्हणाली. "भ्या तरी वाटणार न्हाय."

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. रागानं, दुसऱ्या कशानं नाही. मी खुर्चीच्या खाली फरशीवर बसले आणि तिच्या पायावर डोकं टेकून रडले. बावन्न वर्षांची बाई मी. बाहेर बाकावर पेशंट बसलेले, दार उघडं.

मग माझ्या डोक्यावर अव्वाचा हात आला, नळी चिकटवलेला. वरून तिचा आवाज आला.

"सर्पगंधा हाय. सोमवारपास्नं घेतोय."

मी वर बघितलं. तिनं दुसऱ्या हातानं कमरेची पिशवी सोडली आणि कागदात गुंडाळलेला वेडावाकडा पिवळसर तुकडा डॉक्टरीणबाईंच्या हातावर ठेवला. "गेला," ती म्हणाली, "गुण गेला बघ." आणि आत शिरल्यापासून पहिल्यांदाच ती थरथरायला लागली, ओठ, मान, खुर्चीवरचे पाय, सगळं.

डॉक्टरीणबाईंनी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली आणि हळूच नळी काढली. म्हणाल्या, ही मुळी मुळात बीपी उतरवणारीच. वर ह्यांची रोजची गोळी, वर आमचं औषध. डॉक्टरांनी अव्वाला पाणी दिलं आणि घरी पाठवलं.

रिक्षात ती माझ्याकडं पाठ करून बसली. घरी आल्यावर एकच वाक्य बोलली. "तुझ्यापायी गेला." मग बोलायचंच सोडलं. माझ्याशी तर नाहीच, फोनवर चिक्कव्वाशीसुद्धा नाही. मला वाईट वाटत होतं आणि रागही येत होता. तिचा जीव वाचवला म्हणून शिक्षा मला? बोलू नको तर नको, मीही बोलणार नाही. दोन बायका एका घरात, भांड्यांचा तेवढा आवाज.

पंधरवड्यात गाल सुजला. तोंडात पू यायला लागला. मी जाऊन डॉक्टरांना सांगितलं, ते म्हणाले, आता थांबता येणार नाही. "गुंगीचं औषध मात्र नाही. त्या मुळीचा अंमल अंगातून जायला वेळ लागतो, मी धोका पत्करणार नाही. नुसती जागा बधिर करून काढू. पण त्यांनी जागेपणी बसलं पाहिजे."

जागेपणी. अव्वा. मी त्यांना विचारलं, भीतीसाठी काहीच देता येणार नाही का? ते म्हणाले, "पोटात काही नाही. नाकाला, डोक्याला काय लावायचं ते लावा. त्यांच्या आवडीचा कसला वास असेल तर हातात द्या. काही लोकांना बरं वाटतं."

चैत्र होता. अव्वा दरवर्षी जोतिबाला जाऊन आली की दवण्याची काडी आठवडाभर अंबाड्यात खोचून ठेवायची. सुकली तरी काढायची नाही. यंदा दाढेपायी तिचं जाणं झालं नव्हतं. मी रविवारी पहाटे उठून डोंगरावर गेले. एसटीत उभं राहून गेले. खोबऱ्याच्या आणि गुलालाच्या गर्दीतून दवण्याची जुडी घेतली आणि ओल्या फडक्यात बांधून घरी आणली. माझा स्वतःचा ह्या कशावर विश्वास नाही. तरी येताना एसटीत सारखी फडकं उघडून वास घेत होते, गेला तर नाही ना म्हणून. जुडी तिच्या उशाशी ठेवली. सोमवारी सकाळी मी म्हटलं, "अव्वा, निघायचं," तर लुगडं नेसून तयार बसलेली. मुठीत दवणा.

ती का तयार झाली, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर बिघडलं असतं.

ह्या वेळी ती निवलेली नव्हती. खुर्चीवर बसली तेव्हा तिचे डोळे दाराकडे. बीपी वाढलेलं, पण डॉक्टर म्हणाले, चालेल एवढं. बधिर करायची सुई हिरडीत गेली तेव्हा तिच्या घशातून असा आवाज आला की मी भिंत धरली. तिनं दवण्याची मूठ नाकाशी नेली आणि तिथंच धरून ठेवली. डॉक्टरांनी मला तिच्या पायाशी उभं केलं, तिला दिसेन असं. सांगितलं होतं, दुखलं तर डावा हात वर करायचा, लगेच थांबू.

मशीनचा आवाज सुरू झाला. पाणी ओढणाऱ्या नळीचा आवाज. लवंगेच्या तेलाचा वास आणि त्यात मिसळलेला दवण्याचा. अव्वा डोळे उघडे ठेवून छताकडं नाही, माझ्याकडं बघत होती. पापणी न हलवता. तिच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी कानात जात होतं. मी हसायचा प्रयत्न केला, पण तोंड नुसतं वाकडं झालं. मध्येच हाडावर ठक ठक झालं आणि तिचा डावा हात वर गेला. सगळे थांबले. आता ही उठते, मला वाटलं. आता रुमालासकट रस्त्यावर. तिनं हात हवेत तसाच धरला, माझ्याकडं बघितलं आणि खाली घेतला. दवण्याची मूठ नाकाशी आणखी जवळ दाबली. डॉक्टरांनी विचारलं, "चालू करू?" तिनं मान हलवली.

शेवटी त्यांनी स्टीलच्या वाटीत काहीतरी टाकलं, त्याचा आवाज झाला आणि ते म्हणाले, "झालं, आज्जी." मी मटकन स्टुलावर बसले. अव्वाच्या मुठीतून दवण्याचा नुसता हिरवा लगदा निघाला. सिस्टरनं ओल्या कापसानं तिची बोटं पुसली.

नंतरचे दिवस बर्फाची पिशवी, पातळ पेज आणि डॉक्टरांनीच सांगितलेलं आइस्क्रीम, ते मात्र तिनं आवडीनं खाल्लं. बोलणं अजून बंदच होतं, पण आता टाक्यांचं निमित्त होतं. टाके निघाल्यावर एका दुपारी ती गॅलरीत बसली होती. मी चहा गार करून दिला. मला राहवेना.

"दवण्यानं बरं वाटलं न्हवं?" मी विचारलं. मला ऐकायचं होतं. मी डोंगरावर जाऊन आणलेला दवणा होता तो.

अव्वानं चहाचा घोट घेतला. "कसला दवणा? त्या मुळीपास्नं नाक चोंदलंय माझं. अजून वास म्हणून येत न्हाय. चहाचाबी न्हाय."

"मग एवढा वेळ नाकाशी धरून का बसलीवतीस?"

ती रस्त्याकडं बघत होती. सुजेनं तिचा गाल अजून थोडा वाकडा होता.

"तू बघत हुतीस न्हवं," ती म्हणाली. "तुला वाटाय नको, ह्येचाबी गुण गेला."